अज्ञान कोणाचें? — आदिग्रंथांतील त्रिलोचन आणि नामदेव

नांदेडहून अमृतसरास जाणाऱ्या आगगाडीस ‘सचखंड एक्सप्रेस’ असें नांव आहे. नांदेडच्या ज्या गुरुद्वाराच्या नांवांतून तो शब्द आला, तें स्थानहि महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु ‘सचखंड’ हें एका साधनमार्गाच्या पांचव्या आणि अखेरच्या पायरीचें नांव आहे, आणि त्या पायऱ्यांत ‘ज्ञान’ ही अवघी दुसरी पायरी आहे, हें आमच्या सुशिक्षित वर्गांतील किती जणांस ठाऊक असेल? जी गोष्ट या शब्दाची, तीच नामदेवांच्या पंजाबांतील कीर्तीची. २०१५ सालच्या एप्रिलमध्यें गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ८८ वें अधिवेशन भरलें. संतवाङ्मयाचे व्यासंगी अभ्यासक डॉ. सदानंद मोरे अध्यक्षस्थानीं होते; आणि आपला नामदेव इतक्या दूर जाऊन पूज्य झाला, या अभिमानानें महाराष्ट्राचें मन भरून आलें. हा अभिमान अयोग्य होता असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या पदांमुळें ही पूज्यता प्राप्त झाली तीं पदें अभिमान बाळगणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं वाचलीं आहेत; आणि त्यांत ज्ञान व अज्ञान यांविषयीं जें सांगितलें आहे तें वाचल्यास या अभिमानास थोडें अंतर्मुख व्हावें लागेल.

शिखांचा आदिग्रंथ पांचवे गुरु अर्जुनदेव यांनीं १६०४ सालीं सिद्ध केला. लेखनाचें काम भाई गुरदासांनीं केलें. या ग्रंथाचा विशेष असा कीं, गुरूंच्या वाणीबरोबर निरनिराळ्या प्रांतांतील व जातिधर्मांतील भक्तांची वाणीहि त्यांत आदरानें गोंविली आहे. विणकर कबीर, चर्मकार रविदास, न्हावी सेन, शेतकरी धन्ना आणि मुसलमान साधु शेख फरीद हे त्यांत एकाच पंक्तीस बसले आहेत. नामदेवांचीं ६१ पदें आणि त्रिलोचनाचीं ४ पदें त्याच पंक्तींत आहेत. पुढें १७०८ सालीं नांदेड येथें गुरु गोविंदसिंगांनीं देहधारी गुरूंची परंपरा समाप्त करून ग्रंथासच गुरुपद दिलें, अशी शिखांची श्रद्धा आहे. म्हणजे ज्या ग्रंथापुढें प्रत्येक शीख मस्तक नमवितो, त्या ग्रंथांत आमच्या सोलापूर जिल्ह्याचीं दोन माणसें आहेत : एक पंढरीचे नामदेव, आणि दुसरा त्रिलोचन, ज्याचें जन्मस्थान परंपरा बारशी असें सांगते. नामदेवांची पायरी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारीं आहे आणि तिजवर पाय पडूं नये म्हणून वारकरी जपतो. त्रिलोचनाचें नांव मात्र भगवंताच्या बारशींतहि क्वचितच ऐकूं येतें. त्याची वाणी पंजाबनें राखिली.

या दोघांच्या पदांचें मर्म कळावयाचें तर ग्रंथांतील अज्ञानाची कल्पना प्रथम नीट समजून घेतली पाहिजे. आम्हां इंग्रजी विद्येच्या तालमींत वाढलेल्यांस अज्ञान म्हणजे माहितीचा अभाव असें सहज वाटतें. वेदान्ताच्या संस्कारामुळें त्यावर अविद्येच्या व्याख्येचें एक पूट चढतें, एवढेंच. गुरु नानकांची दृष्टि याहून निराळी आहे. त्यांच्या मतें अज्ञानाचें मूळ ‘हौमै’ होय. ‘मी आहें, मी केलें, माझें आहे’ हा जो अंतःकरणांत अखंड चाललेला उच्चार, तो हौमै. दुसरे गुरु अंगद यांनीं या वृत्तीस जुनाट रोग म्हटलें आहे, आणि लगेच पुढें या रोगाचें औषधहि रोगाच्याच ठायीं असल्याचें सांगितलें आहे. हें निदान विचार करण्यासारखें आहे. माहितीचा अभाव माहितीनें भरून निघतो. परंतु अहंकाराचा रोग माहितीनें हटत नाहीं, उलट पुष्कळदां तिच्यावर तो पोसला जातो. म्हणूनच गाड्या भरभरून पोथ्या वाचल्या आणि सारें आयुष्य वाचनांत घालविलें तरी हिशेबीं एकच गोष्ट धरली जाते व बाकी सारी अहंकाराची बडबड ठरते, अशा आशयाचें कठोर वचन नानकांनीं पंडितांस ऐकविलें आहे. तें सोळाव्या शतकांतील पंडितांपुरतेंच होतें असें समजून आजच्या प्राध्यापकानें पुढें जाणें सोयीचें असलें, तरी प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आतां पायऱ्यांविषयीं. नानकांच्या ‘जपुजी’च्या ३८ पौड्यांपैकीं अखेरच्या भागांत पांच खंडांचें वर्णन आहे. पहिला धर्मखंड : रात्र, ऋतु, वारा, पाणी, अग्नि यांच्यामध्यें स्थापिलेली ही पृथ्वी हीच धर्मशाळा, आणि येथें प्रत्येकाच्या कर्माचा न्याय होतो. दुसरा ज्ञानखंड : येथें साधकास दिसतें कीं वारे, सूर्य, चंद्र, पृथ्वी, कृष्ण, महेश हे एकेकटे नसून अगणित आहेत. तिसरा सरमखंड. या शब्दाचा अर्थ कोणी श्रम असा करतात, कोणी लज्जा असा करतात. परंतु तेथें मन आणि बुद्धि घडविली जाते, हें सर्वांस मान्य आहे. चौथा करमखंड, म्हणजे बहुतेक भाष्यकारांच्या मतें कृपेचा प्रांत. आणि पांचवा सचखंड, जेथें निरंकाराचा निवास. या क्रमांत ज्ञानाचें कार्य आश्चर्य उत्पन्न करणें हें आहे. माझें जग हेंच जग नव्हे, माझा देव हाच अवघा देव नव्हे, असा विस्मय उपजला म्हणजे हौमैचा पीळ सैल होतो. परंतु सैल झालेलें मन अद्याप घडावयाचें असतें. शेवटच्या पौडींत तर नानकांनीं सोनाराची भट्टीच पेटविली आहे : धीर हा सोनार, बुद्धि ही ऐरण, आणि ज्ञान हें सोनाराच्या हातांतील हत्यार. ज्ञान येथें सिंहासनावर बसलेलें नसून कारखान्यांत राबत आहे. विनोबांसारख्या मराठी विचारवंतानें ‘जपुजी’वर भाष्य लिहावें, यांत नवल नाहीं.

मराठी वाचकास येथें सहजच ज्ञानेश्वरांची आठवण होईल. ज्ञानेश्वर हे तर नांवानेंच ज्ञानाचे ईश्वर. ‘अमृतानुभवां’त त्यांनीं अज्ञानाच्या खंडनास एक अवघें प्रकरण वाहिलें आहे. मग महाराष्ट्राचें ज्ञान अंतिम आणि पंजाबचें ज्ञान दुय्यम, असा भेद करावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. गीतेच्या तेराव्या अध्यायांत ज्ञानाचीं लक्षणें सांगून झाल्यावर, याच्या उलट तें अज्ञान, असें अर्ध्या चरणांत आटोपलें आहे. ज्ञानेश्वरांनीं त्या अर्ध्या चरणावर ओव्यांमागून ओव्या लिहिल्या, आणि त्या साऱ्या ओव्यांत अज्ञानी मनुष्याची वागणूक रंगविली : त्याचा दंभ, त्याची निर्दयता, स्वतःच्या विद्येची दवंडी पिटण्याची त्याची हौस. अज्ञान ओळखावयाचें तें वागणुकीवरून, याविषयीं नेवासें आणि कर्तारपूर यांचें एकमत आहे. दोष आहे तो आमच्या वाचनांत. आम्ही तो अध्याय उपमांच्या सौंदर्यासाठीं वाचतों आणि त्यांतील अज्ञान्याचें चित्र शेजाऱ्याचें म्हणून ओळखतों.

या भूमिकेवरून त्रिलोचनाकडे वळूं. धनाश्री रागांतील त्याचें पद अज्ञानावरील उघड उपदेश आहे. दुःखाच्या वेळीं नारायणास बोल लावणाऱ्या एका अजाण स्त्रीस तो सांगतो कीं, दोष देवाचा नव्हे, पूर्वकर्माचा आहे. आणि मग दाखल्यांची माळ सुरू होते. प्रत्यक्ष शंकराच्या मस्तकीं गंगेजवळ राहूनहि चंद्राचा डाग गेला नाहीं. सूर्याचा सारथि आणि गरुडाचा भाऊ असूनहि अरुण पांगळाच राहिला. अमृत, लक्ष्मी, कल्पतरु व धन्वंतरि यांना जन्म देणारा समुद्र खाराच राहिला. लंका जाळून रामाचें कार्य करणाऱ्या हनुमंताच्या वांट्यास लंगोटीच आली. कल्पना चांगली आहे. एकामागून एक येणारे हे दाखले मनावर ठसतात, आणि शेवटीं कर्म पुसलें जात नाहीं म्हणून मी रामनाम जपतों, असा जो मोड आहे त्यांत खरा भक्त दिसतो. त्या शेवटच्या चरणांत षष्ठीचा ‘चे’ हा प्रत्यय मराठी कानास एकदम ओळखीचा वाटतो, आणि बारशीच्या परंपरेस त्यामुळें बळ येतें. गुजरी रागांतील त्याच्या पदांतहि, आंतील मळ न धुतां बाहेर संन्याशाचा वेष घेणाऱ्यावर त्यानें मार्मिक टीका केली आहे.

तथापि धनाश्रींतील पदाविषयीं दोन गोष्टी टीकाकारानें सांगितल्याच पाहिजेत. पहिली अशी कीं, यांतील सारे दाखले पुराणांतून आले आहेत. हा ज्ञानी मनुष्य बहुश्रुत आहे. त्याचें शहाणपण पोथींतून आलें आहे. कर्मसिद्धान्त तर्कदृष्ट्या भक्कम असेल. परंतु दुःखानें व्याकुळ झालेल्या माणसास ‘हें तुझेंच केलेलें’ असें सांगणें ही पुष्कळदां सांत्वनाची जागा टाळण्याची युक्ति होते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या पदांत अज्ञानी कोण? घरची गृहिणी. भक्तचरित्रांत याला जुळणारी कथाहि आहे : अंतर्यामी नांवाचा नोकर त्रिलोचनाच्या घरीं राहिला, तो प्रत्यक्ष देव होता, बायकोनें त्याच्या खाण्याविषयीं कुरकूर केली आणि तो निघून गेला. कथेंत पुरुष भक्त आणि स्त्री अजाण. ही वांटणी केवळ त्रिलोचनाची नव्हे. आमच्या कथाकीर्तनांची आणि आमच्या घरांची ती जुनी रीत आहे.

नेमक्या याच ठिकाणीं नामदेवांचें महत्त्व कळतें. ग्रंथांत कबीराच्या सलोकांमध्यें या दोघां मित्रांचा एक अगदीं छोटा संवाद आला आहे. त्रिलोचन विचारतो : नामदेवा, मायेनें भुलून हें कापड छापीत काय बसला आहेस, रामाकडे चित्त कां लावीत नाहींस? नामदेवांना महाराष्ट्र शिंपी म्हणून ओळखतो आणि पंजाब छीपा, म्हणजे कापड छापणारा, म्हणून ओळखतो. प्रश्न त्यांच्या धंद्यावरच आहे. नामदेवांचें उत्तर असें कीं, मुखानें राम म्हणावें, हातापायांनीं सारें काम करावें आणि चित्त निरंजनाशीं ठेवावें. प्रामाणिक कष्टाची कमाई, नामस्मरण आणि मिळालेलें वांटून खाणें, या शिखांच्या त्रिसूत्रीचीं पहिलीं दोन सूत्रें या उत्तरांत आलीं आहेत.

आम्हां सोलापूरकरांना हा प्रश्न अपरिचित नाहीं. बाराव्या शतकांत ज्या सिद्धरामेश्वरांनीं येथें तळें खोदविलें, त्यांना अल्लमप्रभूंनीं असाच प्रश्न विचारल्याची कथा ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथांत आहे. ज्ञानावांचून या खोदकामाचें मोल काय, असा त्या प्रश्नाचा रोख होता. शरणांनीं कायकाची, म्हणजे श्रमाची, थोरवी पुढें किती गाइली हें प्रसिद्धच आहे. परंतु त्या प्रसंगीं ज्ञानी बोलतो आणि काम करणारा शिकतो. आदिग्रंथांत काम करणारा बोलतो आणि ज्ञानी ऐकतो. हा फरक आम्हांस लहान वाटत नाहीं.

रामकली रागांतील नामदेवांचें एक पद या संवादाचा विस्तारच म्हणावें लागेल, कारण तेंहि शेवटीं त्रिलोचनाला नांव घेऊन ऐकविलें आहे. मुलानें कागद आणून पतंग केला आणि आकाशांत सोडला. सोबत्यांशीं गप्पा चालल्या आहेत, पण चित्त दोरीवर आहे. पाण्याच्या घागरी घेऊन मुली चालल्या आहेत. हंसणें, थट्टा, बोलणें सारें चालू आहे, पण चित्त घागरीवर आहे. गाय पांच कोस दूर चरते आहे, पण चित्त वासरावर आहे. आई पाळण्यांत मूल निजवून आंतबाहेर कामांत गुंतली आहे, पण चित्त बाळावर आहे. आणि ध्रुपदांत सोनार आहे, ज्याचें मन सोन्याच्या कारागिरींत जडलेलें असतें. नानकांच्या भट्टींतील सोनार आम्ही वर पाहिलाच. दोघेहि एकाच पेठेंतले वाटतात. या पदांतील क्रियापदांचा ‘ले’कारान्त घाट मराठी वाचकास जवळचा वाटेल, परंतु त्याहून जवळचीं आहेत तीं यांतील माणसें.

या पदांत ‘ज्ञान’ हा शब्द कोठेंहि नाहीं. आणि तरी आमच्या मतें आदिग्रंथांतील भक्तवाणींत ज्ञानाचें इतकें नेमकें चित्र दुसरें सांपडणें कठीण. त्रिलोचनाचे दाखले पुराणांतले, नामदेवांचे अंगणांतले. त्रिलोचनाच्या पदांत गृहिणी अजाण. नामदेवांनीं त्याच त्रिलोचनापुढें ज्ञानाचा आदर्श म्हणून उभीं केलीं तीं माणसें म्हणजे पाणी वाहणाऱ्या मुली, घरकामांत गढलेली आई आणि पतंग उडविणारें पोर. गायीसहि त्यांनीं वगळलें नाहीं. पंडित त्यांत एकहि नाहीं. संग्राहकांनीं दोन्ही पदें एकाच ग्रंथांत ठेवलीं, हा त्यांच्या रसिकतेचा आणि धैर्याचा पुरावा आहे : प्रश्न आणि उत्तर दोन्ही वंद्य ठरलीं. गोंड रागांतील एका पदांत नामदेवांनीं हिंदु आंधळा, तुर्क एका डोळ्याचा, आणि ज्ञानी या दोघांहून शहाणा असें म्हटलें आहे, तें पद वादासाठीं वारंवार पुढें केलें जातें. परंतु तो ज्ञानी कोण, याचें उत्तर त्या पदांत शोधण्यापेक्षां रामकलींतील या पदांत शोधावें. तो पाणवठ्यावर सांपडेल.

येथें अभ्यासक एक शंका काढतील. मराठी गाथेंतील नामदेव आणि ग्रंथांतील नामदेव एकच काय? विनांद काल्लेवार्ट आणि मुकुंद लाठ यांनीं १९८९ सालीं नामदेवांच्या हिंदी पदांची पाठचिकित्सा केली. क्रिश्चन नोव्हेट्झ्की यांनीं २००८ सालच्या आपल्या ग्रंथांत, नामदेव हें नांव शतकानुशतकें लोकांच्या स्मृतींत कसें वाढत गेलें याचा इतिहास लिहिला. या परिश्रमांचें मोल मोठें आहे. परंतु आमच्या प्रस्तुत मुद्द्यास त्यानें बाध येत नाहीं. १६०४ सालीं हीं पदें नामदेवांच्या नांवें ग्रंथांत स्थिर झालीं, हें निश्चित आहे. आणि ज्या समाजानें तीं राखिलीं त्यानें पंढरीच्या या कारागिराला ज्ञानाचा अधिकारी मानिलें, हेंहि तितकेंच निश्चित आहे. जन्मपत्रिकेचा वाद चालूं द्यावा. पदाचा अर्थ त्यासाठीं थांबत नाहीं.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. निरक्षरता हा गुण आहे, असा या पदाचा अर्थ कोणी करील तर तो पदाचा द्रोह होईल. गुरुमुखी लिपीस वळण लावून ती मुलांस शिकविण्याचें श्रेय परंपरा गुरु अंगदांनाच देते. अहंकारास रोग म्हणणाऱ्या गुरूनेंच अक्षरांचीहि काळजी घेतली. श्रम केल्यानें कोणी आपोआप ज्ञानी होतो असेंहि नामदेव म्हणत नाहींत. घागर डोक्यावर असूनहि चित्त भलतीकडे गेलें तर घागर फुटते. ज्ञान आहे तें चित्त कोठें आहे यांत. तें हातांत पोथी आहे कीं कापड आहे यावर ठरत नाहीं.

असें असतां आमच्या घरांतून ‘अज्ञान’ हा शब्द आम्ही कोणासाठीं वापरतों, हें पहावें. सोलापूर हें मागावर उभें राहिलेलें शहर. येथील चादर देशभर गेली. येथें हजारों स्त्रिया घराच्या उंबऱ्यांत बसून विड्या वळतात, एका पायानें पाळण्याची दोरी हालवितात, आणि हाताचा वेग कमी होऊं देत नाहींत. नामदेवांनीं जी आई त्रिलोचनास दाखविली ती हीच. पदवीधर मुलगा आईला ‘तुला कांहीं कळत नाहीं’ असें जेव्हां म्हणतो, आणि ती मुकाट्यानें त्याचें ताट वाढते, तेव्हां धनाश्रींतील पद आमच्या स्वयंपाकघरांत पुन्हां एकदां गाइलें जातें. त्याचें उत्तर रामकलींत लिहिलेलें आहे. पण तें वाचावयास आम्हांस सवड होत नाहीं.

घुमानास जाणें सोपें आहे, आणि नांदेडास जाणें त्याहून सोपें. नामदेवांचा अभिमान महाराष्ट्रानें अवश्य बाळगावा. त्रिलोचनाचें नांव बारशीनें अवश्य घ्यावें. परंतु या दोघां मित्रांच्या संवादांत आम्हां सुशिक्षितांची जागा कोणाच्या बाजूस आहे, याचा निर्णय अभिमानानें होणार नाहीं. त्रिलोचनानें निदान प्रश्न विचारला, आणि उत्तर मिळालें तें ऐकून घेतलें. तेवढें ऐकून घेणें आमच्या हातून घडलें, तरी सचखंडाच्या वाटेवरील दुसऱ्या पायरीस आमचें पाऊल लागलें असें म्हणतां येईल.